पाण्याले वशिला चालत नाही

मागच्या आठवड्यात अकोल्याहून एका गृहस्थांचा फोन आला. सहकुटुंब अंदमानला निघाले होते. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं ठरलं होतं आणि तिथल्या लोकांनी डॉक्टरची सही असलेला कागद मागितला होता. "तायडे सरायच्याच हातचा पाह्यजे म्हनते माहा साळा," ते म्हणाले. "सर कधी भेटतीन?" सर आता नाहीत, गेल्या पावसाळ्यात गेले, असं मी सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, "मंग आता आमाले नाई कोन म्हननार?"

अमरावतीत नाही म्हणणाऱ्यांचा तुटवडा नाही. बँकेत आहेत, आरटीओत आहेत, माझ्या सासरीही दोन आहेत. पण ज्याला नाही म्हटलं तोच माणूस पुढच्या वर्षी पेढे घेऊन यावा, असं नाही म्हणणं फक्त तायडे सरांना जमायचं. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून लोकांच्या कानात डोकावले, पण मला ते अजून जमलेलं नाही. फोन ठेवला आणि सरांची इतकी आठवण आली की पुढच्या पेशंटला मी चुकून दुसरा कान दाखवायला सांगितला.

राजापेठेत औषधांच्या दुकानावर आमचं क्लिनिक. सर कान-नाक-घशाचे डॉक्टर. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि मग तिथंच राहिले. ते मूळचे अंजनगाव सुर्जीचे, मास्तरांचा मुलगा. ठेंगणे, सावळे, केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून स्कूटरवर यायचे. आत शिरले की तोच दुपट्टा कूलरच्या टाकीत बुडवायचे, पिळायचे आणि मानेवर टाकून खुर्चीत बसायचे. पेशंटला डॉक्टरांच्या आधी तो ओला दुपट्टाच दिसायचा. बोलणं तर एकदम सरळसोट. पुण्याहून बदलून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या कानात ना, अधूनमधून जरा खाजल्यासारखं होतं." सर म्हणाले, "काड्या घालनं बंद करा, थांबते." बाईंना ते फार लागलं. त्या माझ्याकडे येऊन तक्रार करून गेल्या. महिन्याभरानं सांगायला आल्या की थांबलं.

त्यांची एक सवय मात्र नव्या पेशंटला समजावून सांगावी लागे. संध्याकाळची ओपीडी सर कधीच वेळेवर सुरू करत नसत. खोलीत येऊन बसलेले असत, दिवा लागलेला असे, उपकरणं मांडलेली असत, पण समोर टेबलावर फोन ठेवून ते नुसते बसून राहत. बाहेर कुणी चुळबुळ करायला लागलं की नंबर लावणाऱ्या आमच्या मंदाताई सांगत, "बसा जराशीक. सरायची पोरगी पान्यातून वर नाई आली अजून."

सरांची एकुलती एक मुलगी पूर्णा अंदमानात असते. तिथं येणाऱ्या पर्यटकांना समुद्राखाली नेते, शिकवते, सुखरूप वर आणते. दिवसाची शेवटची फेरी संपली, बोट किनाऱ्याला लागली की ती बापाला दोन शब्द पाठवायची, "वर आले." ते शब्द आले की सर फोन उलटा ठेवायचे आणि हाक मारायचे, "हं, पाठवा." त्याच्या आधी कान दुखून रडणारं लेकरू असेल तर मी बघायची. बाकी सगळे थांबायचे. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही, अशा वलगावच्या भाजीवाल्या बायका आमच्या बाकावर बसून पदरानं वारा घेत विचारायच्या, "आली का वं पोट्टी वर?" आणि आली म्हटलं की त्यांच्याही चेहऱ्यावर सुटल्याचं दिसायचं. एकदा तिकडचं नेटवर्क गेलं. सर बराच वेळ आत बसले, मग उठून बाहेर आले आणि पेशंटांच्या बाकावर येऊन बसले. एका म्हाताऱ्यानं सरकून जागा केली आणि तंबाखूची डबी पुढं केली. सरांनी कधी तंबाखू खाल्ली नव्हती, पण डबी हातात घेऊन बसले. निरोप आला तेव्हा काळोख पडला होता. त्या दिवशी सगळ्यांना फुकट तपासलं असं लोक सांगतात, पण ते खरं नाही. सर फी कधीच सोडत नसत.

समुद्रात उतरणाऱ्यांना तपासायची विद्या ते शिकले तीही पूर्णामुळेच. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. पोर बापापाशीच वाढली, पुण्याला शिकायला गेली, कॉलेजच्या सहलीत मालवणला पाण्याखाली जाऊन आली, आणि सर म्हणत तसं, "वर आलीच नाई मंग ते." हीच नोकरी करायची, अंदमानात शिक्षण घ्यायचं, असं तिनं ठरवलं आणि एक फॉर्म बापाकडे पाठवला. दमा आहे का, कधी फिट आली का, कानाचं ऑपरेशन झालंय का, अशा प्रश्नांचा तो फॉर्म, आणि खाली डॉक्टरच्या सहीची जागा. आमच्या भागात हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. एका ओळखीच्या डॉक्टरांनी न पाहताच सही करायची तयारी दाखवली. सरांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पुस्तकं मागवली, रजा काढली, समुद्राकाठच्या एका शहरात जाऊन पाणबुड्यांच्या डॉक्टरांकडे शिकून आले. मग लेकीला स्टुलावर बसवलं.

तेव्हा मी तिथं होते. त्यांनी तिला एकदा तपासलं, मग जेवून येऊन पुन्हा तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. पूर्णा शेवटी हसायला लागली. "बाबा, कान तेच हायेत."

पुढं कितीतरी दिवसांनी सर मला म्हणाले, "मी काई शोधून राहिलो होतो वं. मले वाटे, एखादा पडदा खराब निघंन, फुप्फुसात बारीकशी शिट्टी वाजंन. मंग म्हनता आलं असतं ना तिले, नोको जाऊ. पन पोट्टी ठणठणीत. काय करतं मंग? केली सही." इतकं बोलून त्यांनी दुपट्टा परत कूलरमध्ये बुडवला.

त्यानंतर लोक यायला लागले. विमानं झाली, नवी जोडपी अंदमानला जायला लागली, वरूडच्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांच्या टोळ्या मालवणला जायला लागल्या. आपल्याकडे फिटनेसचा कागद म्हणजे काय, तर लायसनच्या वेळी काढतात तो. दारातून हात पुढं करायचा, कागद घ्यायचा, चालू लागायचं. त्याच हिशेबानं सगळे यायचे. फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नापुढं 'नाही' लिहून आणायचे. सर तो फॉर्म घेत, पालथा घालून बाजूला ठेवत आणि म्हणत, "हे कागदाचं झालं. आता तुमचं सांगा." मग कानात दुर्बीण. नाक धरून, तोंड मिटून, हळूच फुंक मारायला लावायची. पडदा फुगतो का ते समोरच्या स्क्रीनवर त्या माणसालाही दाखवायचं. खाली पाण्याचा दाब वाढला की आतून हवा देऊन तो पडदा सावरावा लागतो. ज्याला ते जमत नाही त्याचा पडदा फाटतो. हे झालं की सर उठायचे, "चला, गच्चीवर जाऊन येऊ," म्हणायचे, आणि जिना चढता चढता त्याला बोलतं ठेवायचे. यंदा बहार कसा आला, पोराचं लग्न कुठं जमलं, जावई काय करतो. माणूस बोलताना कुठं थांबतो, श्वास कुठं अपुरा पडतो, ते सर ऐकत असायचे. गच्चीवर आमची पाण्याची काळी टाकी आहे. तिच्यावर थाप मारून शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "आमदाराची चिठ्ठी आना नाईतर मंत्र्याची. पाण्याले वशिला चालत नाही."

वरूडच्या त्या व्यापाऱ्यांची गोष्ट तर क्लिनिकमध्ये अजून निघते. दहाबारा मित्र मिळून चालले होते. सगळ्यांनी यायचं म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडणार. म्हणून त्यांनी त्यांच्यातल्या सगळ्यात धडधाकट माणसाला पाठवलं. गडी खरंच दणकट होता, ट्रॅक्टर ओढला असता. सरांनी तपासलं, गच्चीवर नेऊन आणलं आणि फिट म्हणून सांगितलं. त्यानं पिशवीतून फॉर्मांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "आता याह्यच्यावरबी मारा सही."

"हे कोन?"

"माहे दोस्त हायेत, सर. लहानपनापासून संगंच हावोत. एकाच हिरीत पोहलो. माहे कान चांगले तर त्याह्यचे कसे खराब असतीन?"

सरांनी गठ्ठा चाळला. मग फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "खाली दम कोंडला त तू घेशील का सगळ्याह्यच्या वाटचा?" त्या माणसानं खरंच विचार केला, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. दोस्तांसाठी करता आलं असतं तर त्यानं केलं असतं. मग त्यानं गठ्ठा परत पिशवीत घातला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना गाडीत घालून घेऊन आला. त्यातले दोघे नापास झाले. त्यातल्या एकाला हृदयाचा त्रास निघाला, वेळेवर उपचार मिळाले. दर मोसमात त्यांच्याकडून संत्र्यांची पेटी यायची. सर म्हणायचे, नापास झालेल्यांचीच संत्री गोड असतात.

अकोल्याच्या एका नव्या जोडप्याच्या वेळी मात्र मला सरांचा राग आला होता. मुलानं दमा नाही म्हणून लिहिलं होतं. गच्चीवर जाताना मुलगी सहज बोलून गेली, "यांचा पंप खालीच राह्यला पर्समध्ये." सर तिथंच पायरीवर थांबले. मुलगा अजिजीनं म्हणाला, "सर, कधीतरीच लागते. थोड्या वेळाचं तर आहे. हिनं किती दिवसांपासून मनात धरलंय." सरांनी त्याला पायरीवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते, दम्याच्या फुप्फुसात ती अडकली की फुप्फुस फाटतं, हे अगदी हळू सांगितलं. मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, "सर, एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून बघू." सर म्हणाले, "दाखवा ना. पन पंप लागते तोवर माही सही नाही." ती दोघं निघून गेली. वर्षभरानं पेढे घेऊन आली. मुलगी पाण्याखाली जाऊन कासव पाहून आली होती आणि नवरा तेवढा वेळ बोटीत ओकत बसला होता. ते दोघं ही गोष्ट एकमेकांच्या तोंडातून हिसकावून सांगत होते. सर पेढा खात म्हणाले, "ओकनाऱ्याले मी काई मनाई नोती केली."

या सगळ्यात सरांच्या स्वतःच्या कानाची गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. मलाही नव्हती. मागच्याच्या मागच्या दिवाळीत पूर्णा घरी आली होती. फराळाला मला बोलावलं होतं. ती उन्हानं रापलेली, केस समुद्रानं भुरे झालेले, आणि बोलता बोलता हातांनीच मासे काढून दाखवणारी. सर चिवड्याची वाटी तशीच मांडीवर धरून तिच्या हातांकडे बघत होते. एकदम ती म्हणाली, "बाबा, एकदा या ना तुमी खाली माह्यासंगं. मी किती लोकायले नेते. सगळ्याह्यचे आईबाप नेते. फक्त माहाच बाप तेवढा वर राह्यला."

सर म्हणाले, "पाहू."

दिवाळी संपली, ती परत गेली. एका दुपारी पेशंट आटोपले होते. सर माझ्या खोलीत आले आणि माझ्या समोरच्या स्टुलावर, पेशंटच्या जागेवर बसले. हातात तोच फॉर्म होता. "पाह्य माहा कान," म्हणाले. "जसा लोकायचा पाह्यतं तसाच."

मी हसत दुर्बीण हातात घेतली. डाव्या कानात बघितलं आणि माझं हसू गेलं. जुन्या शस्त्रक्रियेची खूण होती. त्यांनीच सांगितलं. पूर्णा दोन वर्षांची असताना त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. कानाच्या आत तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं. ते घट्ट बसलं की आवाज आत पोचत नाही. ते काढून तिथं बारीकशी कृत्रिम दांडी बसवतात. "दुसरा कान त तेव्हाच गेला होता," सर म्हणाले. "पोट्टी बोबडं बोलाले लागली होती आन मले तिचे फक्त व्हट दिसत. नागपूरले जाऊन ऑपरेशन करून आलो. पट्टी निघाली आन ते रडून राहिली होती, दूध नोको म्हनून. मी तिले रडूच दिलं. तिची आई चिडली माह्यावर."

मी बाकी सगळं तपासलं. छाती स्वच्छ, रक्तदाब ठीक, जिना चढून आले तरी दम लागला नाही. फुंक मारली तर पडदा छान हलला. पण अशी दांडी बसवलेल्या माणसाला पाण्याखाली पाठवू नये, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. दाबानं ती दांडी सरकली तर उरलेला एकच कान कायमचा जातो. तरी मी म्हटलं, "सर, आता काही ठिकाणी परवानगी देतात. फार खाली नाही गेलं तर काही होत नाही म्हणतात. पूर्णा सोबत असेल. मी करते सही."

सरांनी विचारलं, "वरूडच्या मानसाले देतं का?"

मी दुर्बीण पुसून ठेवून दिली.

"मंग माह्यावरच मेहेरबानी कायची?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण ते उठले नाहीत, तिथंच बसून राहिले, फॉर्मकडे बघत. मग म्हणाले, "मले माहीत होतं, शिल्पा. पन सोताच सोताले नाई म्हनलं त मन आयकत नाई. रोज समजावते ते मले. एकदाचं कोनी दुसऱ्यानं म्हना." मी फॉर्मवर 'अनफिट' लिहिलं. लिहिताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. इतक्या माणसांना त्यांनी ज्या खुर्चीवरून नाही म्हटलं, ती खुर्ची किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी कागद वाचला, नीट घडी केली, खिशात ठेवला. "बरोबर लिवलं," म्हणाले, आणि बाहेर जाऊन मंदाताईंना चहा सांगितला.

फेब्रुवारीत आम्ही अंदमानला गेलो. मी, माझे यजमान आणि सर. मला खाली जायचं होतं, आणि ती परवानगी सरांनी मला दोन खेपा घेऊन दिली होती, कारण पहिल्या खेपेला मला सर्दी होती. सर आता काही दिवस लेकीकडेच राहणार होते. पूर्णा आम्हाला घ्यायला आली. बापानं तो घडी केलेला कागद तिला दिला. तिनं वाचला आणि नुसता त्यांच्या दंडाला हात लावला. म्हणाली, "वरून त पाह्यता येते ना?" पाण्यावर पालथं तरंगून, डोळ्यांना काच लावून, तोंडातल्या नळीनं श्वास घेत खाली बघता येतं. त्यात दाब नसतो. सरांनी आधी मनातल्या मनात ते सगळं तपासलं, हे मला कळलं. मग म्हणाले, "वरून चालते. खाली मात्र हातभरबी नाई."

पूर्णानं माझा हात धरून मला खाली नेलं. वाटेत कान दाटले, फुंक मारली, मोकळे झाले. तळाशी पांढरी वाळू होती, पलीकडे खडक, आणि खडकांवर चिक्कार मासे. मी वाळूवर गुडघे टेकले आणि वर पाहिलं. वर सगळीकडे उजेड हलत होता, आणि त्यात मधोमध सर पालथे पडले होते, हातपाय पसरून, छोटेसे. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त काच चमकत होती. पूर्णा पाठीवर वळली आणि तिनं वर हात केला. सरांनी हात खाली सोडला, पार खांद्यापर्यंत, बोटं ताणून. मला वाटलं, आता हा माणूस सूर मारणार. अंजनगावच्या विहिरीत पोहून वाढलेला गडी, एका दमात पोचला असता. पूर्णानं हात तसाच धरला होता. तीही वाट बघत असावी.

ते आले नाहीत. हात तसाच राहिला. मग पूर्णा हळूहळू खडकांकडे सरकली, तसे वर तेही सरकले. ती वळली की ते वळायचे, ती थांबली की थांबायचे, आणि त्यांची पुसट सावली सगळा वेळ तिच्या पाठीवर होती.

चार दिवसांनी आम्ही परतलो. निघताना सर विमानतळावर आले होते म्हणे, हात हलवत होते. यजमान सांगतात, पण मला ते आठवत नाही. घरी सगळ्यांनी विचारलं, खाली काय काय पाहिलं, कोणते मासे पाहिले. मला एकाही माशाचं नाव सांगता आलं नाही. मी खाली होते तेवढा वेळ वरच पाहत होते.